यंत्र घेण्याआधी काम पाहा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. माझी पंचवीस वर्षे इमारतींचे नकाशे काढण्यात गेली, त्यातली बरीचशी आखातात. तेव्हा विद्वत्तापूर्ण भाषणाची अपेक्षा आपण ठेवू नये. मी एका साध्या प्रश्नावर बोलणार आहे. मूल तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकीला गेले की आपल्या रत्नागिरीत घरोघरी विचारले जाते, "लॅपटॉप कोणता घ्यायचा?" मग दुबईच्या किंवा कुवेतच्या मामाला फोन जातो आणि मामा आणील ते यंत्र मुलाच्या गळ्यात पडते. प्रश्न लहान वाटतो; पण त्यात लाख-दीड लाख रुपये गुंततात, आणि ते कोणाच्या तरी घामाचे असतात.

ही चूक मी स्वतः केली आहे. एकदा सुट्टीवर येताना पुतण्यासाठी पातळ, देखणा लॅपटॉप आणला. घरात सर्वांना आवडला. पण पोराने इमारतीचे त्रिमितीय मॉडेल उघडले की यंत्र तापायचे आणि त्याची चाल मंदावायची. मेमरी वाढवू म्हटले, तर ती आत सोल्डर करून कायमची बसवलेली. वॉरंटी त्या देशापुरतीच निघाली. दोष यंत्राचा नव्हता. प्रवासात पत्रे लिहायला ते उत्तम होते. मी मात्र पोराला काम काय करायचे आहे, हे विचारलेच नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट: बाजारात जाण्यापूर्वी मुलाला बसवून एका कागदावर लिहायला सांगा की, कोणते सॉफ्टवेअर वापरायचे आहे. टॅली, टायपिंग, वाणिज्य शाखेचा अभ्यास एवढेच असेल, तर साधा लॅपटॉप पुरे. ऑटोकॅडमध्ये सपाट नकाशे काढायचे असतील, तर चांगला प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरी हवी. ऑटोकॅड बरेचसे काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर करते. त्यामुळे गाभे किती यापेक्षा एका गाभ्याचा वेग किती, हे पाहावे. रेव्हिट, सॉलिडवर्क्स किंवा इमारतीची हुबेहूब चित्रे तयार करण्याचे काम असेल, तर मात्र ३२ जीबी मेमरी, वेगळे ग्राफिक्स कार्ड आणि जास्त गाभे लागतात. रेव्हिट विंडोजवरच चालते. ॲपलचा लॅपटॉप घेऊन मग हळहळण्यात अर्थ नाही.

या शेवटच्या कामासाठी जे यंत्र मिळते त्याला मोबाईल वर्कस्टेशन म्हणतात. यातल्या 'मोबाईल'चा फोनशी संबंध नाही; उचलून नेता येणारे कामाचे यंत्र एवढाच अर्थ. लेनोव्होची थिंकपॅड पी मालिका, एचपीची झेडबुक, डेलची प्रिसिजन (जिचे नाव २०२५ मध्ये डेल प्रो मॅक्स झाले) ही त्यांतली परिचित नावे. यांची किंमत जास्त का? एक म्हणजे, मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी त्यांची ग्राफिक्स कार्डे आपल्या सॉफ्टवेअरवर तपासून मान्य केलेली असतात. दुसरे म्हणजे, तासन्‌तास काम करताना उष्णता बाहेर टाकण्याची सोय बरी असते. तिसरे म्हणजे, बहुतेक मॉडेलांत दुरुस्ती करणे आणि मेमरी वाढवणे सोपे असते. काही मॉडेलांत मेमरीतील चूक आपोआप सुधारण्याची सोयही असते.

पण विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी हे लागते असे नाही. खेळांसाठीचा म्हणून विकला जाणारा लॅपटॉपही शिकाऊ मुलाचे बरेच काम भागवतो. ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअर शिक्षणासाठी विनामूल्य देते. आधी महाविद्यालयाच्या संगणकावर हात बसू द्या. यंत्र नंतर घ्या. आणि एक लक्षात ठेवा: ग्राफिक्स कार्डाचे नाव एकच असले, तरी पातळ लॅपटॉपात त्याला कमी वॅट वीज दिलेली असते आणि ते हळू चालते. नावाबरोबर वॅट विचारा.

आता पडद्याविषयी, म्हणजे डिस्प्लेविषयी. लोक प्रोसेसरवर तासभर बोलतात आणि पडद्याबद्दल एक शब्द विचारत नाहीत. पण दिवसाचे आठ-दहा तास मूल पाहणार ते पडद्याकडे! पडदा आयपीएस जातीचा, चमक नसलेला घ्यावा; खिडकीचा उजेड त्यावर पडून डोळे दुखत नाहीत. १६ः१० प्रमाणाच्या पडद्यावर नकाशाला उंची थोडी जास्त मिळते. रंगांचे काम, म्हणजे अंतर्गत सजावट, छपाई किंवा जाहिरात करायची असेल, तर पडदा एसआरजीबी रंगपट्टा जवळपास पूर्ण दाखवतो का, हे विचारा. स्वस्त लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असते. तो पडदा एसआरजीबीचा साधारण ६० टक्केच भाग दाखवतो. तिथे पाहिलेला रंग छापखान्यात वेगळाच निघतो, आणि गिऱ्हाईक दोष मुलाला देते.

घरी बसून काम असेल, तर लॅपटॉपचा पडदा मोठा घेण्यापेक्षा वेगळा मॉनिटर जोडावा. २४ इंची मॉनिटरला १९२० गुणिले १०८० बिंदू चालतात. २७ इंचीला तेवढेच बिंदू असले, तर अक्षरे भरड दिसतात. तिथे २५६० गुणिले १४४० हवेत. लॅपटॉप जुना झाला, तरी हा मॉनिटर पुढच्या यंत्राला उपयोगी पडतो.

खरेदीबद्दल दोन शब्द. आखातातून आणायचे असल्यास आधी वॉरंटी भारतात चालते का, हे त्या मॉडेलपुरते लेखी विचारून घ्या. किबोर्ड आणि प्लगही पाहा. पैसे कमी असतील, तर कंपन्यांनी वापरून काढलेली वर्कस्टेशने मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. त्यात कमीपणा नाही. परंतु विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने स्वस्त मिळाले, तरी घेऊ नका. पावती घ्या, बॅटरी तपासा, पडदा पांढरा आणि काळा करून ठिपके पाहा.

आपल्या कोकणात पावसाळ्याची दमट हवा आणि समुद्राचा खार यंत्राला सोसवत नाही. पावसाळ्यात ते पेटीत बंद करून ठेवू नका. रोज थोडा वेळ चालवा. विजा चमकू लागल्या की प्लग काढा. आणि झालेल्या कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. यंत्र पुन्हा घेता येते, गेलेले ड्रॉइंग येत नाही.

पालकहो, आज आपल्या मुलीसुद्धा रत्नागिरीत राहून मुंबई-पुण्याच्या वास्तुविशारदांची ड्रॉइंग करू शकतात. अशा मुलीचे ते यंत्र म्हणजेच तिचे ऑफिस. तिच्या लग्नाच्या खर्चातला थोडा भाग या ऑफिसासाठी काढला, तर तो वाया जाणार नाही. आणि संस्थेला माझी विनंती आहे की, वाचनालयाच्या एका कोपऱ्यात एक चांगले वर्कस्टेशन आणि एक मोठा मॉनिटर ठेवावा. ज्याच्या मामाचा आखाताशी संबंध नाही, त्या मुलालाही आपले काम तिथे करून पाहता आले पाहिजे.