मैदानावरचा शब्द आणि प्रवेशाचा कागद

(येलवाल येथे मंडळाच्या पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



 मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे, आणि खेळाडू तर नव्हेच. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत लागलो आणि आजवरचे आयुष्य फायलींच्या सहवासात घालविले. तरीही हा विषय मजकडे सोपविला गेला, याचे कारण मला असे दिसते की, हा प्रश्न उभा राहतो मैदानावर, परंतु अडतो तो कागदावर. आणि कागदाशी माझी ओळख जुनी आहे.

प्रश्न असा. मुलगा किंवा मुलगी फुटबॉल उत्तम खेळते. बारावीचे वर्ष आहे. एखाद्या महाविद्यालयाचे प्रशिक्षक खेळ पाहतात आणि म्हणतात, “आमच्याकडे पाठवा, जागा झाली असे समजा.” घरात आनंदीआनंद होतो. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या महाविद्यालयाचा अर्ज भरण्याची मुदत संपत असते आणि शुल्काचे काय, हे कोणीच बोललेले नसते. बंगळूर-दिल्लीकडे मुले पाठविणाऱ्या आपल्या घरांत हा प्रश्न आहे, तसाच तो ज्यांची नातवंडे अमेरिकेत वाढत आहेत त्यांच्याही घरांत आहे. प्रशिक्षकाच्या शब्दावर किती विसंबावे, अर्ज केव्हा आणि कोठे करावा, आणि पैशाचा हिशेब कधी मागावा, या तीन गोष्टींचा आज विचार करू.

ज्या गावी आपण जमलो आहोत, त्या गावाला शब्द आणि कागद यांतील अंतराची एक थोर आठवण आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये याच येलवाल येथे ग्रामदान परिषद भरली. आपल्या कोकणातल्या गागोद्याचे विनोबा येथे होते, पंतप्रधान नेहरू होते आणि एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या पक्षांचे नेते एका विचारावर एकत्र आले होते. त्या चळवळीत लोकांनी मनापासून जमिनी दिल्या. तथापि दान दिलेल्या जमिनीपैकी मोठा भाग भूमिहीनांच्या हाती प्रत्यक्ष पोहोचला नाही, हाही इतिहास आहे. देणाऱ्याच्या अंतःकरणाविषयी शंका नव्हती. शब्द आणि सातबारा यांच्यामधली वाट लांब होती. प्रशिक्षकाच्या शब्दाकडेही मी याच दृष्टीने पाहतो. तो खोटा असतो असे नव्हे. तो अपुरा असतो.

आता, खेळापायी अभ्यास बुडतो, हे जुने तुणतुणे मी वाजविणार नाही. आपण राहतो त्या जुन्या म्हैसूर राज्याने १९४६-४७, १९५२-५३, १९६७-६८ आणि १९६८-६९ असा चार वेळा संतोष करंडक जिंकला होता. त्यानंतर चौपन्न वर्षांनी, २०२२-२३ च्या स्पर्धेत, रियाधच्या मैदानावर मेघालयाला ३-२ असे हरवून कर्नाटकाने तो पुन्हा मिळविला. इकडे आपल्या कोल्हापुरात तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहतात आणि शाहू स्टेडियम ओसंडून वाहते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. ज्या घरात असा गुण आहे, त्या घराने तो जपलाच पाहिजे. परंतु अनिकेतची वाट प्रबोधिनीतून आणि अकादमीतून गेली, महाविद्यालयातून नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या देशात व्यावसायिक फुटबॉलचा रस्ता मुख्यतः क्लबांचा आहे. महाविद्यालयातील खेळाची जागा ही बहुतेकांच्या बाबतीत शिक्षणाचे दार उघडणारी किल्ली असते. म्हणून दाराआड काय आहे, हे आधी पाहावे.

सरकारी कामकाजात कोणत्याही प्रस्तावाला तीन टप्पे असतात. प्रथम शिफारस होते, मग प्रशासकीय मान्यता मिळते आणि शेवटी वित्तीय मंजुरी येते. तिन्हींचे अधिकारी निराळे. शिफारस कितीही जोरदार असली तरी तिच्या बळावर कंत्राटदाराला काम सुरू करता येत नाही. आणि मान्यता मिळाली तरी मंजुरीवाचून एक रुपयाही निघत नाही. खेळाच्या जागेचे नेमके असेच आहे. प्रशिक्षकाचा शब्द ही शिफारस, प्रवेश कार्यालयाचे पत्र ही मान्यता आणि शुल्कसवलत वा शिष्यवृत्तीचा आदेश ही मंजुरी. पालकांची फसगत होते ती बहुधा शिफारसीलाच मंजुरी समजल्यामुळे.

प्रथम आपल्या देशातील स्थिती पाहू. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि इतर कलागुण मिळून पाच टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागा ठेवल्या जातात. तेथे कोणा प्रशिक्षकाच्या इच्छेवर प्रवेश होत नाही. सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, प्रमाणपत्रे मोजली जातात आणि मैदानावर चाचणी होते. मद्रास येथील आयआयटीने २०२४ पासून उत्कृष्ट खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन अधिसंख्य जागा सुरू केल्या. त्यांपैकी एक मुलींसाठी राखीव आहे. परंतु त्यासाठी जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव यावेच लागते, मागील चार वर्षांत राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पातळीवरचे पदक लागते, आणि अर्ज आयआयटींच्या सामाईक प्रवेशप्रक्रियेहून निराळा करावा लागतो. म्हणजे खेळाने दार किलकिले होते. परीक्षा चुकत नाही.

येथे वेळापत्रकाचा प्रश्न येतो. खेळाच्या चाचण्या आणि सर्वसाधारण प्रवेशाच्या फेऱ्या एकमेकींसाठी थांबत नाहीत. चाचणीचा निकाल येईपर्यंत दुसरीकडची चांगली जागा हातची जाऊ शकते. म्हणून खेळाच्या जागेचा अर्ज केला तरी सर्वसाधारण अर्ज सोडू नये. मिळालेली जागा रद्द केल्यास किती शुल्क परत मिळते आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावे. प्रमाणपत्रांचेही तसेच. स्पर्धा कोणत्या संघटनेने भरविली, प्रमाणपत्र कोणत्या वर्षांतले चालते, आणि नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते की नाही, या बाबी अकरावीतच तपासाव्यात. ऐन जूनमध्ये चूक दुरुस्त करून घेण्यासाठी संघटनेचा कार्यवाह सापडत नाही.

आपणा बदलीच्या नोकरदारांपुढे आणखी एक पेच असतो. मूल नेमके कोणत्या राज्याचे? कर्नाटकात सरकारी प्रवेशासाठी सात वर्षे येथे शिकल्याची अट सर्वसाधारणपणे असते. केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांसाठी वेगळी कलमे आहेत, पण त्यांनाही अटी आहेत. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशात, ज्यांचे आई किंवा वडील त्या राज्याचे अधिवासी आहेत, अशा बाहेर शिकलेल्या मुलांसाठी निराळा वर्ग आहे. त्यात खेळाची भर पडली की प्रश्न दुहेरी होतो. मुलगा कर्नाटकाच्या संघातून खेळला असेल, तर ते प्रमाणपत्र महाराष्ट्रात कितपत धरले जाईल, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतच पाहावे. शेजाऱ्याच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय मिळाले, यावर विसंबू नये.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील व्यवस्था निराळी आहे. तेथे प्रशिक्षक स्वतः खेळाडू शोधतात. वरच्या श्रेणीतील महाविद्यालयांच्या फुटबॉल प्रशिक्षकांना मुलांशी थेट बोलणी करता येतात ती दहावी झाल्यावर १५ जूनपासून. त्यानंतर तोंडी होकार दिला-घेतला जातो. पण हा तोंडी होकार दोन्ही बाजूंपैकी कोणालाच बांधत नाही. काही नामांकित महाविद्यालयांत प्रशिक्षक मुलाची गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाकडे आगाऊ दाखवून अंदाज घेतो. आयव्ही लीग म्हणविल्या जाणाऱ्या आठ विद्यापीठांत तर प्रवेश कार्यालय निवडक विद्यार्थ्यांना निकालापूर्वीच संभाव्य प्रवेशाचे पत्र देते. या पत्राला वजन का? तर ते प्रशिक्षकाचे नसून प्रवेश कार्यालयाचे असते. शिफारस आणि मान्यता यांतील भेद तेथेही असा सुटत नाही.

पैशाच्या बाबतीत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. खेळात निवड झाली म्हणजे शिक्षण फुकट, असे सर्रास समजले जाते. वस्तुस्थिती अशी की, आयव्ही लीगची विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, आणि तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालयेही देत नाहीत. तेथे मिळते ते कुटुंबाच्या गरजेनुसार किंवा अभ्यासातील गुणवत्तेनुसार. पहिल्या श्रेणीत मुलांच्या फुटबॉल संघाला अनेक वर्षे मिळून ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि वीस-पंचवीस खेळाडूंत त्या भाकरीचे तुकडे वाटले जात. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, त्या व्यवस्थेत सामील झालेल्या महाविद्यालयांसाठी ही मर्यादा उठली आणि त्याऐवजी संघात २८ खेळाडूंची मर्यादा आली. पण मर्यादा उठली म्हणजे तिजोरी भरली असे नव्हे. शिवाय जे विद्यार्थी तेथील नागरिक वा कायम रहिवासी नाहीत, त्यांना तेथील केंद्र सरकारचे शैक्षणिक साहाय्य मिळत नाही. येथून मूल पाठविणाऱ्याने हे प्रथम लक्षात घ्यावे.

सर्वांत नाजूक जागा पुढेच आहे. पुष्कळ प्रशिक्षक सांगतात, “लवकरच्या, बांधील फेरीत अर्ज करा, म्हणजे तुमची जागा मी धरून ठेवीन.” हा अर्ज साधारणतः नोव्हेंबरमध्ये जातो, निकाल डिसेंबरच्या मध्यास येतो आणि प्रवेश मिळाला तर तेथेच जाण्याचे वचन दिलेले असते. इतर अर्ज मागे घ्यावे लागतात. म्हणजे चार महाविद्यालयांची साहाय्यपत्रे शेजारी मांडून तुलना करण्याचा अधिकार आपण सोडून देतो. साहाय्य अपुरे पडले तर सुटका मागता येते, हे खरे. पण तेव्हा इतर अर्जांच्या मुदती जानेवारीच्या तोंडावर आलेल्या असतात. उलट नेहमीच्या फेरीत गेल्यास मार्चअखेर उत्तरे येतात, १ मेपर्यंत विचाराला अवधी मिळतो, मात्र तोवर प्रशिक्षकाने दुसरा खेळाडू घेतलेला असू शकतो.

मग करावे काय? माझे मत असे. बांधील अर्ज करण्यापूर्वी पैशाचा अंदाज लेखी मागावा. तेथील महाविद्यालयांच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा हिशेब मांडणारी सोय असते. ती वापरावी आणि साहाय्य कार्यालयाला थेट विचारावे. हा अंदाज कुटुंबाला पेलणारा असेल आणि महाविद्यालय मुलाच्या मनात पहिलेच असेल, तर बांधील अर्जास हरकत नाही. दोहोंपैकी एकही गोष्ट संशयित असेल, तर प्रशिक्षकाची जागा गेली तरी चालेल, तुलनेचा अधिकार गमावू नये. जो प्रशिक्षक पैशाचा प्रश्न विचारताच रुष्ट होतो, त्याच्या हाताखाली चार वर्षे काढायची आहेत, याचाही विचार करावा.

देशात असो वा परदेशात, आणखी तीन प्रश्न लेखी विचारावेत. शिष्यवृत्ती एका वर्षाची की पूर्ण अभ्यासक्रमाची? दुखापत झाल्यास तिचे काय होईल? प्रशिक्षक बदलला तर जागा टिकेल काय? बदली ही काय चीज आहे, हे आपणा सरकारी नोकरांना कोणी शिकवायला नको. प्रशिक्षकांच्याही बदल्या होतात.

आणि एक प्रश्न मुलाला विचारावा, तोही एकांतात, आजोबा-आजींच्या आणि आपल्या हौसेला बाजूला ठेवून. “उद्या गुडघा दुखावला आणि खेळ सुटला, तर या महाविद्यालयात, या विषयात, या गावात तुला राहावेसे वाटेल का?” उत्तर “हो” आले, तर खेळाची जागा ही देणगी आहे, आनंदाने घ्यावी. उत्तर “नाही” आले, तर आपण महाविद्यालय निवडत नसून केवळ संघ निवडत आहोत, आणि संघ दरवर्षी नव्याने निवडला जातो.

घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना या निर्णयात एक उणीव जाणवते. गावी असतो तर मामा-काका, शाळेचे मास्तर, तालमीतले जाणते, कोणीतरी चार गोष्टी सांगितल्या असत्या. येथे ते काम मंडळाने करावे, अशी माझी विनंती आहे. ज्यांची मुले या वाटेने गेली, त्यांनी आपली मुदतींची टिपणे, कोणती कागदपत्रे लागली, किती खर्च आला, हे मंडळाच्या वहीत नोंदवून ठेवावे आणि दरवर्षी जूनमध्ये अकरावीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांपुढे ती वही उघडावी. पन्नास वर्षे आपण गणपती आणि दिवाळी अंक एकत्र सांभाळले. मुलांच्या प्रवेशाचे अनुभवही एकत्र सांभाळू.



जय हिंद! जय महाराष्ट्र! जय कर्नाटक!