सोसायचे किती, हे कोणी ठरवायचे?

(वाशीम जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. रिसोडच्या शिवारातली किंवा मानोऱ्याच्या तांड्यावरची एखादी मजूर बाई. दोन मुले झाली, तांबी बसवली. त्यानंतर पाळीत फार अंगावर जाते, कंबर धरते, मजुरीचे दिवस बुडतात. ती तक्रार करते, तेव्हा ‘होईल कमी, सोसा थोडे’ एवढेच उत्तर मिळते. अखेर ती तांबी काढून टाकते. दुसरे साधन कोणी सुचवत नाही आणि वर्षाच्या आत पुन्हा दिवस जातात. मग शहाणी माणसे म्हणतात, बाई अडाणी. वास्तविक तिने आपल्या शरीराची साक्ष दिलेली असते. ती ऐकायला कोणी नसते.

संततिनियमनाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९३८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी या विषयावरील ठराव मांडला; तो फेटाळला गेला. त्या विचाराच्या केंद्रस्थानी स्त्रीचे आरोग्य आणि तिची मुक्तता होती. पुढे शासनाने कार्यक्रम हाती घेतला आणि केंद्रस्थानी आकडा आला. १९६५ साली लूप गाजावाजाने आली. रक्तस्रावाच्या तक्रारींची वेळीच दखल घेतली गेली नाही आणि साधनच बदनाम झाले. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुष होते. त्या जबरदस्तीनंतर कार्यक्रमाचा सारा भार स्त्रियांवर सरकला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदीचा आधार घेतलेला दिसतो. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के आहे.

अगदी निर्दोष असे साधन नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मात्र प्रत्येकाचा त्रास वेगळा असतो आणि प्रत्येक शरीराची सोसण्याची शक्तीही वेगळी असते. तांबीत संप्रेरके नसतात, ती अनेक वर्षे चालते आणि हवी तेव्हा काढता येते. पण पाळीतला रक्तस्राव वाढतो. बहुतेकींचा त्रास तीन ते सहा महिन्यांत कमी होतो. तथापि देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा बाईला लोहाच्या गोळ्या न देता, तपासणी न करता ‘सोसा’ म्हणणे हा अन्यायच होय. माला गोळीने रक्तस्राव उलट कमी होतो. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होते. परंतु रक्तदाब वाढलेला असेल किंवा मूल सहा महिन्यांच्या आत अंगावर पीत असेल, तर ती घेऊ नये. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलेले ‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे. त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते. पोटात रक्त साठते ही भीती खोटी आहे. पण एकदा टोचल्यावर औषध काढून घेता येत नाही आणि इंजेक्शने थांबवल्यावरही गर्भ राहण्यास कित्येक महिने लागू शकतात, हे आधीच सांगितले पाहिजे. लखनौच्या संशोधनसंस्थेत तयार झालेली ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. तीत संप्रेरके नाहीत. काहींची पाळी लांबते, एवढेच.

आणि सर्वांत सोपी शस्त्रक्रिया पुरुषाची! बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते. त्यानंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो. कष्ट करण्याची शक्ती तिने जात नाही, पुरुषत्वही जात नाही. घरोघरी मुक्तीच्या गोष्टी सांगणाऱ्या कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरात हा विषय कधी काढला आहे काय?

वाशीमची गणना २०१८ पासून देशातील आकांक्षित जिल्ह्यांत होते. आकांक्षा आकड्यांची असते तशी माणसांचीही असते. कार्यकर्त्याने साधनाचा प्रचारक होऊ नये. चार साधने, चारांचे त्रास बाईपुढे मोकळेपणाने ठेवावेत आणि निवड तिची असू द्यावी. पहिल्या तीन महिन्यांत आशाताईबरोबर दोनदा तरी तिच्याकडे जावे. साधन मानवले नाही तर ते बदलून मागण्याचा तिला हक्क आहे. तो नाकारला गेला तर उपकेंद्रात तिच्या शेजारी उभे राहावे. तक्रारीची लेखी नोंद व्हावी, तांबी मागताक्षणी काढली जावी, एक साधन संपले तर दुसरे हाताशी असावे, या मागण्या लहान दिसतात. परंतु त्या मान्य करून घेण्यासाठी संघटनाच लागते.

सोसण्याजोगे काय आणि न सोसण्याजोगे काय, हे डॉक्टर सांगू शकत नाही, सासू सांगू शकत नाही, पक्षही सांगू शकत नाही. ज्या देहाला ते सोसायचे आहे, निर्णय त्याचाच.