नादारीचा अर्ज : करावा की न करावा?



वसंत ऋतूतील व्याख्यानाला काव्य, इतिहास किंवा तत्त्वज्ञान असा विषय शोभतो. आम्ही कर्जाचा विषय घेऊन उभे आहोत. पण त्यात फारसे विसंगत काही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. त्याच वर्षी 12 मे रोजी याच जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखते बाहेर काढली आणि जाळली. त्या दंग्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये आणि त्याला नादारी मागता यावी, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे नादारी ही सोय आपल्या भागात कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. तिच्यामागे माणसांची होरपळ आहे.

तरीही आज युनियनच्या कचेरीत कर्जबाजारी कामगार येतो तो सगळे उठून गेल्यावर. पगारवाढीबद्दल तो द्वारसभेत मोठ्याने बोलतो. कर्जाबद्दल कानात बोलतो. आणि विचारतो ते एकच: "दिवाळे काढले तर सुटेन का?" या प्रश्नाचे उत्तर "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात देणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा वकिलाचा दलाल असतो. हिशेब केल्यावाचून उत्तर नाही, आणि तो हिशेब कसा करावा एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम कायदा कोणता ते पाहू. 2016 साली नादारी व दिवाळखोरीची नवी संहिता आली. अगदी गरीब ऋणकोचे छोटे कर्ज पुसून टाकण्याची योजनाही तिच्यात लिहिलेली आहे. परंतु व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून अमलात आणला तो कंपनीच्या कर्जाला व्यक्तिगत जामीन राहिलेल्यांपुरताच. सामान्य माणसाला मुंबई शहरात 1909 चा आणि आपल्याकडे 1920 चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. त्या कायद्याने किमान पाचशे रुपये देणे असलेला, किंवा कर्जापायी अटक अथवा जप्ती ओढवलेला माणूस अर्ज करू शकतो. अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा सरकारने अधिकार दिलेल्या दुय्यम न्यायालयात करायचा.

आता हिशेब. कोऱ्या कागदावर प्रत्येक देणे वेगळे मांडा आणि त्यापुढे तीन गोष्टी लिहा: शेवटचा हप्ता कधी दिला, हुकूमनामा झाला आहे काय, आणि जामीन कोण आहे.

पहिल्या गोष्टीचे महत्त्व फार थोड्यांना ठाऊक असते. साध्या उसनवारीच्या किंवा हप्त्याच्या पैशासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. त्या मुदतीत तुम्ही सहीनिशी देणे कबूल केले, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. मुदत टळून गेल्यावरही "पैसे देतो" असे लेखी वचन दिले, तर तो नवा करार होतो. वसुलीचा माणूस "फक्त एक सही करा, साहेब" म्हणून मागे लागतो त्याचे मर्म इथे आहे. सबब, तारखा पाहिल्याशिवाय कशावरही सही करू नये. मात्र हुकूमनामा झाला असेल तर त्याची बजावणी बारा वर्षे मागता येते. पतपेढीची गोष्ट तर आणखी निराळी: सभासदाकडील येण्याची मुदत त्याचे सभासदत्व संपेपर्यंत किंवा तो मरेपर्यंत सुरूच होत नाही.

कोणी म्हणेल, मुदतीचा फायदा घेणे ही बुडवेगिरी नव्हे काय? शेजाऱ्याने अडीनडीला दिलेले हातउसने पैसे मुदतबाह्य झाले म्हणून फेडू नयेत, असे आम्ही कधीही सांगणार नाही. ते फेडायला कायदा आड येत नाही. पण मुद्दलाहून जास्त व्याज खाऊन बसलेल्या सावकाराला धर्माचरणाच्या गप्पा मारण्याचा अधिकार नाही. महाराष्ट्राच्या सावकारी कायद्याला दामदुपटीपुढची वसुली मान्य नाही, आणि बेकायदा सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते.

दुसरी गोष्ट हुकूमनाम्याची. "पगार जप्त होणार" या शब्दांनीच माणूस खचतो. पण किती जप्त होणार? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60 व्या कलमाप्रमाणे पोटगी सोडून इतर हुकूमनाम्यांत पगाराचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लागत नाही. समजा, जप्तीच्या हिशेबात धरायचा पगार 40,000 रुपये आहे. हजार वजा जाता 39,000. त्याचा तिसरा हिस्सा 13,000. एकाच हुकूमनाम्यासाठी ही जप्ती एकूण 24 महिनेच चालते. पुढे त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. म्हणजे फार तर 3,12,000 रुपये जातील. रक्कम लहान नव्हे, पण तिला शेवट आहे. भविष्यनिर्वाह निधी, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारे ही जप्त होत नाहीत. आणि केवळ पैसे नाहीत म्हणून ऋणकोला तुरुंगात घालता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच स्पष्ट केले आहे. ऐपत असून जो टाळतो त्याची गोष्ट वेगळी. एकच हुकूमनामा असलेल्या कायम कामगाराने हे आकडे मांडले, तर पुष्कळदा नादारीची गरजच नाही असे त्याला दिसून येईल.

मग नादारीने मिळते काय? एकदा न्यायालयाने नादार ठरविले की धनको वेगवेगळे अंगावर येऊ शकत नाहीत. मिळकत न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि सर्वांत वाटली जाते. पुढे मुक्ततेचा हुकूम झाला की उरलेल्या बहुतेक देण्यांतून माणूस सुटतो. परंतु मुक्ततेचा अर्ज निराळा करावा लागतो, आणि तो ठरलेल्या मुदतीत केला नाही तर सगळे रद्द होऊ शकते. मालमत्तेतून रुपयात आठ आणेही निघत नसतील, तर तसे का झाले हे न्यायालय विचारते. आजारपण, कारखाना बंद पडणे, ही कारणे सांगता येतात; जुगार आणि उधळपट्टी ही कारणे मुक्ततेच्या आड येतात. अर्जापूर्वी दोन वर्षांत घर फुकटात मेहुण्याच्या नावावर केले असेल, तर तो व्यवहार न्यायालय मोडू शकते. तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकते माप देऊन बाकीच्यांना डावलले असेल, तर तेही मोडू शकते. सरकारचे देणे, लबाडीने केलेले कर्ज आणि पोटगी यांतून सुटका नाही. घर गहाण असेल तर गहाणदाराचा हक्क तसाच राहतो.

खडकीसाठी आणखी एक गोष्ट. इथला दारूगोळा कारखाना 1869 सालचा, आणि संरक्षण खात्याचे नागरी कामगार या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतील 17 वा नियम सांगतो की नोकराने कायमचा कर्जबाजारीपणा व नादारी टाळावी, आणि वसुलीची किंवा नादारीची कारवाई सुरू झाली तर ती ताबडतोब कळवावी. परिस्थिती आपल्या हाताबाहेरची होती हे सिद्ध करण्याचा भार नोकरावर असतो. म्हणून दवाखान्याची बिले, औषधांच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. अर्ज लपवून करू नका.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: जामीन. कामगाराचे कर्ज क्वचितच त्याच्या एकट्याचे असते. पतपेढीच्या कागदावर दोन सह्या असतात, आणि त्या बहुधा शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्यांच्या असतात. नादारीचा कायदा ऋणकोला सोडतो. जामीनदाराला सोडत नाही. तुम्ही न्यायालयातून मुक्त होऊन घरी याल, आणि पुढच्या महिन्यात कपात त्याच्या पगारातून सुरू होईल. त्याच्या मुलीची फी त्या कपातीत जाईल. संप मोडला तरी पुन्हा उभा करता येतो. पण एका खात्यातल्या दोन माणसांचा एकमेकांवरचा विश्वास असा मोडला, तर पुढे कोणी कोणासाठी सही करीत नाही, आणि मग सगळेच मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या कर्जाकडे धावतात.

म्हणून आमचे सांगणे असे. जामीनदाराला न विचारता अर्ज करू नये. त्याला समोर बसवावे, सगळी देणी त्याच्यापुढे मांडावीत. ज्या देण्यात दुसऱ्याची मान अडकली आहे ते आधी फेडण्याची वाट शोधावी. तडजोड, वाढवून घेतलेले हप्ते, लोकअदालत. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, तो वापरावा. वसुलीवाल्यांच्या शिव्या थांबाव्यात एवढ्याचसाठी नादारी मागू नये. त्यांच्यासाठी पोलीस चौकी आहे, आणि युनियनही आहे.

पण असाही माणूस असतो: कारखाना बंद झाला, घरात मोठे दुखणे, चार हुकूमनामे, अंगावर नाही जमीन, नाही घर, आणि ज्याच्यासाठी कोणी जामीन नाही. त्याने अर्ज करावा, आणि मान ताठ ठेवून करावा. बुडालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे, त्यावरून "दिवाळे" हा शब्द आला असे सांगतात. त्या दिव्यात लपवाछपवी नव्हती. "माझ्याजवळ एवढेच आहे, या आणि पाहा" असे त्यात उघड सांगणे होते. कायद्याची अपेक्षाही तीच आहे.

लाज वाटायचीच तर ती कर्जाची नव्हे, लपवण्याची वाटावी. प्रत्येक खात्यात हिशेब जाणणारा एक विश्वासू कामगार असा निवडा की ज्याच्याकडे कर्जाचे कागद घेऊन निःसंकोच जाता येईल. आणि तिथे पहिल्या नोटिशीला जा, चौथ्या हुकूमनाम्याला नव्हे.