माळ्यावरचा फोनो : मोल आणि मोड



आपल्या केज तालुक्यात जुने माळवदाचे वाडे एकेक करून उतरवले जात आहेत. त्यांच्या जागी स्लॅबची घरं उभी राहत आहेत. वाडा उतरवताना माळ्यावरून आणि अडगळीच्या खोलीतून बऱ्याच वस्तू बाहेर येतात. तांब्याचे हंडे, पितळी समया, कंदील, आणि एखाद्या घरात एक काळी पेटी. झाकण उघडलं की आत मखमल लावलेली ताटली, एक वाकडी नळी आणि कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचं चित्र. घरातली वडीलधारी माणसं तिला ‘फोनो’ म्हणतात. तरुण पोरं एकच प्रश्न विचारतात, ‘याचे किती येतील?’

रेडिओ आणि टेपरेकॉर्डरच्या दुरुस्तीत माझी हयात गेली, त्यामुळे हा प्रश्न फिरत फिरत माझ्याकडे येतो. त्याची दोन उत्तरं लोकांनी आधीच ऐकलेली असतात. भंगारवाला किलोचा भाव सांगतो. मोबाइलवरचा कुठला तरी व्हिडिओ लाखाचा आकडा सांगतो. दोन्ही उत्तरं वस्तू न बघता दिलेली असतात. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. मोंढ्यावर सोयाबीन नेलं तर आधी ओलावा मोजला जातो, मग भाव निघतो. फोनोचंही तसंच आहे. आधी वस्तू ओळखायची, मग ती चालवून बघायची, आणि भावाची बोलणी शेवटी.

ओळख पटावी म्हणून थोडा इतिहास सांगतो. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग १९०२ साली कोलकात्यात आला आणि त्यानं गौहर जान यांच्यासारख्या गायिकांची गाणी मुद्रित केली. १९०८ मध्ये कंपनीनं तिथेच सियालदहला तबकड्यांचा कारखाना काढला, आणि १९२८ साली दमदमचा मोठा कारखाना सुरू झाला. या तबकड्या लाखेच्या. बांगड्यांना वापरतात तीच लाख. ती आपल्याच देशातल्या जंगलांतून येत असे. मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं, असा तिचा हिशेब. अशा तबकड्या आपल्या देशात १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत होत्या.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. केजला आगगाडी नव्हती. जवळची म्हणावी अशी बार्शी लाइट रेल्वे, ती १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. खेड्यांत वीज तर कितीतरी पुढे पोचली. म्हणून आपल्याकडच्या घरांतून निघतो तो बहुधा चावीचा फोनो. हँडल फिरवायचं, आतली स्प्रिंग ताणली जाते आणि ताटली फिरते. विजेचं काही काम नाही. त्यानंतरच्या पिढीतले एचएमव्हीचे ‘फिएस्टा’सारखे किंवा फिलिप्सचे रेकॉर्ड प्लेअर १९६० आणि ७० च्या दशकांतले. पेटीत शेवटची तबकडी कोणती राहिली आहे, यावरून घरात गाणं कधी थांबलं याचाही अंदाज येतो.

आता ओळखण्याकडे वळू. लोकांच्या मनात एक पक्कं बसलं आहे, की पितळी कर्णा असेल तोच खरा फोनो, आणि बिनकर्ण्याची काळी पेटी म्हणजे बिनकामाची. या समजुतीमुळे आपल्या भागातल्या माणसांचं फार नुकसान होतं. काळ्या पेटीला कर्णा असतोच, तो पेटीच्या आत दडवलेला असतो. एचएमव्हीचं १०२ क्रमांकाचं मॉडेल असंच आहे. १९३१ मध्ये निघालेलं हे मॉडेल पुढे पंचवीसेक वर्षं बनत राहिलं, आणि आजही जगभरचे जाणकार त्याला मान देतात.

उलट बाजारात चकाकणारे पितळी कर्ण्याचे पुष्कळ फोनो नवेच बनवलेले असतात. आठ कोनांची नवी लाकडी पेटी, नवा कर्णा, वर कुत्र्याचा बिल्ला, आणि आत मात्र कुठल्या तरी काळ्या पेटीतून काढलेलं मशीन. मुंबईच्या चोर बाजारापासून परदेशातल्या दुकानांपर्यंत असा माल गेला आहे. म्हणजे खरी वस्तू मोडून खोटी उभी केली जाते. आपण भंगारात दिलेल्या पेटीचं पुढे काय होऊ शकतं, ते यावरून लक्षात यावं. कर्ण्याचा फोनो घरात असेल तर लाकडाचा जुनेपणा, स्क्रूंचा गंज आणि नळीचा जोड नीट बघा. सगळंच एकसारखं चकचकीत असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

वस्तू ओळखली की तपासणी. हँडल सावकाश फिरवा. आत खटका बसून हँडल उलटं फिरू लागलं तर थांबा, स्प्रिंग तुटलेली असू शकते. ती डबी घरी उघडू नका. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात फाडते. चावी बसली तर ताटलीवर कागदाचा कपटा ठेवा, त्यावर तबकडी ठेवा, पिन टेकवा आणि घड्याळ लावून फेरे मोजा. अर्ध्या मिनिटात ३९ फेरे झाले तर मशीन बरोबर चालतं आहे. फेरे मध्येच मंदावत असतील तर बहुधा आतलं ग्रीस वाळलेलं असतं, आणि ते काम होण्यासारखं असतं.

नळीच्या टोकाला गोल डबी असते, तो साउंडबॉक्स. जुन्या डब्यांत अभ्रकाचा पडदा असतो, नंतरच्यांत ॲल्युमिनियमचा. पडद्याभोवतीचं रबर कडक झालं की आवाज फाटतो. रबर बदलता येतं. डबी मूळची असणं महत्त्वाचं, कारण तिच्याशिवाय पेटी अपुरी आणि किंमतही अपुरी. हँडल, पिनांची डबी, कुलपाची चावी, दुकानदाराच्या नावाची पट्टी, जे जे सापडेल ते पेटीबरोबर ठेवा. पॉलिश किंवा नवा रंग अजिबात लावू नका. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ पुसा, तेवढं पुरे.

पोलादी पिन तबकडीच्या एका बाजूपुरतीच असते, दुसऱ्या बाजूला नवी घ्यायची. लाँग प्ले तबकडी चावीच्या फोनोवर कधीही लावायची नाही, तिचे बारीक खाचे एका फेरीत खराब होतात. विजेचा प्लेअर असेल आणि तो कित्येक वर्षं बंद असेल, तर सरळ प्लगमध्ये घालू नका. वायरीचं आवरण झडलेलं असतं, आतले कपॅसिटर गेलेले असतात. आधी जाणत्याला दाखवा.

आता तबकड्या. पेटीबरोबर एखादी पत्र्याची ट्रंक असते, आणि ती बरेचदा ‘यावर फुकट घेऊन जा’ म्हणून दिली जाते. असं करू नका. कधी कधी पेटीपेक्षा ट्रंकेतला ऐवज मोठा असतो. मात्र नाव मोठं म्हणून किंमत मोठी, असं समीकरण नाही. बालगंधर्वांच्या किंवा गाजलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या त्या काळी घरोघरी गेल्या, म्हणून त्यातल्या पुष्कळ आजही सापडतात. फारशा न खपलेल्या, लवकर बंद पडलेल्या कंपन्यांच्या, आज कुठे ऐकायला न मिळणाऱ्या तबकड्या संग्राहक शोधत असतात. ओडियन, किंवा १९३५ साली मुंबईत सुरू झालेली ‘यंग इंडिया’ ही स्वदेशी कंपनी, अशी लेबलं दिसली तर तबकडी बाजूला काढा. वहीत कलाकाराचं नाव, गाणं, कंपनी, लेबलवरचा क्रमांक आणि लेबलच्या कडेला लाखेत उमटलेला क्रमांक लिहून काढा. कडेला तडा आहे का, खाचे काळे आहेत की पिनेनं घासून करडे झाले आहेत, तेही लिहा. स्पिरिटनं पुसू नका, लाख त्यात विरघळते.

एवढी तयारी झाली की भाव. फोनोला हमीभाव नाही. इंटरनेटवर लोकांनी जे आकडे लावलेले दिसतात ते मागणीचे असतात. मागायला कोणी लाखही मागेल. आपल्या मॉडेलची, चालू स्थितीतली वस्तू खरोखर किती रुपयांना गेली, तेवढंच बघायचं. काही लिलावांच्या संकेतस्थळांवर झालेल्या विक्रीचे भाव वेगळे दाखवतात, ते उपयोगी पडतात. मग पेटीचे सहा-सात स्पष्ट फोटो आणि ती वाजतानाचा छोटा व्हिडिओ काढून निदान तीन ठिकाणी पाठवा. व्यापाऱ्याचा भाव कमी असणार, कारण त्याला पुढे विकून त्यावर पोट भरायचं असतं. त्यात फसवणूक नाही. संग्राहकाकडून जास्त मिळतं, पण थांबावं लागतं. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेनं ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवलं. त्याचे जुने अंक चाळले तरी कोणत्या तबकडीला जाणकार का महत्त्व देतात, ते समजू लागतं.

अफवांपासून सांभाळा. २००९ साली सौदी अरेबियात जुन्या शिवणयंत्रांत ‘लाल पारा’ असल्याची आवई उठली आणि लोकांनी साध्या यंत्रांना भरमसाठ पैसे मोजले. पारा कुठेच नव्हता. ‘तुमच्या फोनोला लाखो रुपये देतो, आधी नोंदणीची फी भरा’ असं म्हणणारा फोन त्याच जातीचा. गिऱ्हाईक पैसे पाठवायचे म्हणून कोड स्कॅन करायला आणि पिन टाकायला सांगत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. गिऱ्हाईक परदेशातलं असेल आणि वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येऊ शकतो. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी लागते.

एक पाहिलेलं उदाहरण सांगतो. आपल्याच तालुक्यातलं घर, नाव सांगत नाही. तीन भावांत वाड्याची वाटणी झाली होती. त्या साली काढणीच्या वेळी पाऊस लागून सोयाबीन हातचं गेलेलं, आणि मधल्या भावाच्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. फिरता खरेदीदार दारात आला. पेटी आणि ट्रंक मिळून आठशे रुपये म्हणाला, आणि धाकट्यानं पेटी उचलून ढेलजेत आणूनही ठेवली. थोरल्यांनी मला फोन केला, ‘मास्तर, तेवढं बघून जाता का?’

पेटी १०२ मॉडेलची होती, वाळलेल्या ग्रीसमुळे अडखळत होती. ट्रंकेत साठेक तबकड्या. निम्म्या तडकलेल्या किंवा घासलेल्या, बऱ्याच नेहमीच्या चित्रपटगीतांच्या. नऊ तबकड्या मात्र वेगळ्या निघाल्या, जुन्या लेबलांच्या आणि खाचे अजून काळे असलेल्या. यादी केली, मशीन साफ केलं, फोटो पाठवले. दीड महिना गेला. पेटी पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी नेली, नऊपैकी सात तबकड्या दुसऱ्या एकांनी. सगळे मिळून आठशेच्या कितीतरी पट पैसे आले. लाख आले नाहीत. मुलीच्या फीचा पहिला हप्ता त्यातून गेला, बाकीची सोय त्यांना दुसरीकडून करावी लागली. थोरल्यांनी वडलांच्या आवडीच्या दोन तबकड्या ठेवून घेतल्या. पेटी जाण्याआधी त्या वाजवून मोबाइलवर मुद्रित केल्या आणि तिघा भावांनी वाटून घेतल्या. वाटणीत भांडण न झालेली तेवढी एकच गोष्ट, असं त्या घरातल्या वहिनी हसून म्हणाल्या.

वस्तू विकण्यात कमीपणा नाही. घरात कुणी वाजवत नसेल, जागा नसेल, पैशाची गरज असेल, तर जपणाऱ्याच्या हाती ती गेलेली बरी. घाई मात्र करू नका. दारात आलेल्या माणसाला ‘आठ दिवसांनी या’ म्हणा. तेवढ्या दिवसांत यादी होते, फेरे मोजून होतात, दोन-तीन भाव कळतात. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर त्यांना पेटीजवळ बसवून विचारा, यातलं कोणतं गाणं लावायचे. ती तबकडी आधी वाजवून मुद्रित करून घ्या आणि मगच बोलणी करा. तबकड्या पाठवताना उभ्या ठेवा, दोन्हींच्या मध्ये पुठ्ठा घाला आणि खोक्यावर ‘फुटणारी वस्तू’ असं मोठ्या अक्षरात लिहा.