सरोवराची कायदेशीर दखल

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, क्वीन्सटाउन शहराला लागून वाकातिपू सरोवर आहे. त्याच्या काठी कोणी बांधकामाचा अर्ज केला, तर निर्णय स्थानिक परिषदेचा. पण 1998 सालच्या एका कायद्याने तिच्यावर जास्तीचे काम टाकले. हे सरोवर न्गाई ताहू या माओरी जमातीच्या जिव्हाळ्याचे आहे, याची सरकारने त्या कायद्यात अधिकृत दखल घेतली आहे.

यामागे जुना अन्याय आहे. 1848 मध्ये ब्रिटिश राजसत्तेने या बेटाचा फार मोठा भाग अवघ्या 2,000 पौंडांत घेतला. जमातीसाठी पुरेशी जमीन राखून ठेवण्याचे वचन पाळले नाही. माओरींच्या तक्रारी तपासणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणाने 1991 मध्ये जमातीची तक्रार मोठ्या प्रमाणात उचलून धरली. मग 1998 मध्ये तडजोड कायद्याने पक्की झाली: 17 कोटी डॉलर, जाहीर माफी, आणि अनेक डोंगर, नद्या, सरोवरांबाबत ही दखल.

आता या दखलीने मिळते काय? मालकी नाही, नकाराधिकारही नाही. उलट कायदा बजावतो की, दखल घेतली म्हणून जमातीच्या नात्याला एरवीपेक्षा जास्त वजन देऊ नका, कमीही देऊ नका. वाचून वाटते, दिले एका हाताने, घेतले दुसऱ्याने!

पण परवानगीच्या कामात खरी लढाई निर्णयाच्या आधीच होते. 'बाधित' कोण, हे परिषद ठरवते. बहुतेक अर्जांची जाहीर सूचना निघतच नाही, आणि बाधित न ठरलेल्याचे म्हणणे कोणी विचारत नाही. बाधित कोण ते ठरवताना दखल विचारात घेणे 1991 च्या संसाधन व्यवस्थापन कायद्याने परिषदेला बंधनकारक केले. शिवाय 1998 च्या कायद्याखालील नियमांनी अर्जाचा सारांश जमातीला पाठवायला लावले, तोही अर्ज आल्यावर लवकरात लवकर आणि कोणाला कळवायचे हे ठरण्याआधी. परिषदेच्या आराखड्याला दखलीचा मजकूर जोडायचा, हेही आलेच. तो मात्र केवळ माहितीसाठी.

माझ्या मते या साऱ्यात दणकट कलम सारांशाचे. 'विचारात घेतले' एवढे लिहून अधिकारी मोकळा होऊ शकतो. पाठवलेल्या कागदाला मात्र तारीख असते. तो वेळेत गेला नसेल, तर चूक परिषदेची ठरते, जमातीची नाही.