‘नंतर आठवण करा’ दाबणारी मीच होते

मी मीरा-भाईंदरहून बोलतेय. इथल्या भाईंदर आणि उत्तन भागातल्या बचत गटांची मी समन्वयक आहे. आमच्या बायका मसाले कुटतात, पापड लाटतात, सुकी मासळी साफ करून पाकिटं भरतात. आज मात्र मी मसाल्यावर बोलणार नाही. आमच्या गटाच्या संगणकावर काय ओढवलं, ते सांगणार आहे. त्यात चूक माझी होती, म्हणून ते मीच सांगितलेलं बरं.

गटाची सगळी बिलं, उधारी, कर्जाचे हप्ते त्या एका संगणकात होते. त्यात विकतचा अँटिव्हायरस होता, म्हणजे संगणकाला रोग लावणारे प्रोग्रॅम अडवणारा राखणदार. त्याची वर्षाची मुदत संपली होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज लाल खूण यायची, अपडेट करा म्हणून सूचना यायची. मी घाईत ‘नंतर आठवण करा’ दाबायची. असं सात महिने चाललं.

मार्चचे दिवस होते. बँकेला हिशोब द्यायचा होता, कारण नवीन कर्ज त्यावर अवलंबून होतं. प्रदर्शनाची ऑर्डर म्हणून एक ई-मेल आला आणि आमच्या एका ताईंनी त्यातली फाइल उघडली. दुसऱ्या दिवशी एकही हिशोब उघडेना. स्क्रीनवर इंग्रजीत मजकूर आला, फाइली परत हव्या तर पैसे भरा.

आम्ही पैसे भरले नाहीत. भरले तरी फाइली मिळतीलच याची खात्री कोण देणार? इंटरनेटची वायर काढली आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. संगणक पुसून कोरा करावा लागला, तीन वर्षांचा हिशोब गेला. आम्हाला वाचवलं ते गटाच्या सर्वांत थोरल्या मावशींनी. संगणक आल्यावरही त्यांनी हाताने लिहायची वही सोडली नव्हती. आम्ही त्यांना हसायचो. त्याच वहीवरून आम्ही अकरा जणींनी पाच रात्री जागून आकडे पुन्हा भरले.

आता हे अपडेट म्हणजे काय, ते बघू. अँटिव्हायरसकडे व्हायरसच्या ओळखखुणांची यादी असते, पोलीस ठाण्यात चोरांचे फोटो लावतात तशी. नवे चोर रोज येतात. यादी जुनी असेल, तर नवा चोर समोरून गेला तरी राखणदार त्याला ओळखेलच असं नाही. अपडेट म्हणजे ती ताजी यादी. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी गिऱ्हाइकांच्या संगणकातले व्हायरस काढायला प्रोग्रॅम लिहिले, त्यातून १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस उभा राहिला. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं, ताजी यादी फ्लॉपीवरून न्यावी लागायची. आज ती आपसूक घरी येते, आणि आपण तिला दारातून परत पाठवतो.

दुसरं अपडेट विंडोजचं, म्हणजे संगणक ज्यावर चालतो त्या मूळ प्रणालीचं. आमच्या उत्तनचे कोळी जाळं एकदा विणून थांबत नाहीत, फाटलं की लगेच सांधतात. विंडोजचं अपडेट म्हणजे तसं सांधणं. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर पसरला, इंग्लंडातल्या रुग्णालयांचं काम अडलं. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. दोन महिने हातात होते!

पुढच्याच महिन्यात, जून २०१७ मध्ये, तशाच दुसऱ्या हल्ल्यात आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. हा दुसरा व्हायरस एकदा आत शिरला की अपडेट केलेल्या संगणकांतही पसरू शकत होता. म्हणून नुसत्या अपडेटवर विसंबायचं नाही, हिशोबाची दुसरी प्रत हवीच.

आता काय करायचं, ते वहीत लिहून घ्या.

एक, विंडोज १० आणि ११ मध्ये अँटिव्हायरस आतच असतो, फुकट. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, हिरवी खूण आहे का बघा. विकतचा घेतला असेल, तर मुदत संपायची तारीख हिशोबाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा. दोन अँटिव्हायरस एकदम ठेवू नका, ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

दोन, अपडेट आपोआप होईल असं ठेवा. संगणक कधीतरीच लावत असाल, तर आठवड्यातून एक दिवस नेट जोडून तासभर चालू ठेवा. आम्ही बैठकीचा वार धरलाय. बैठक चालू असताना अपडेट होतं आणि पूर्ण तपासणीही होते. विंडोज १० ची नेहमीची फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहेत, तेव्हा जाणत्या माणसाला विचारून पुढची सोय करा.

तीन, बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आधी तपासायचा, मग उघडायचा.

चार, संगणकावर दोघी-तिघी काम करत असतील, तर प्रत्येकीचं खातं आणि पासवर्ड वेगळा ठेवा. नवीन प्रोग्रॅम घालण्याचा अधिकार एकीकडेच असू द्या.

पाच, दर आठवड्याला हिशोबाची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि तो काढून कपाटात ठेवा. संगणकाला जोडून ठेवलेली प्रत संगणकाबरोबरच जाते.

ज्यांच्याकडे संगणक नाही, त्यांच्याकडे मोबाइल आहेच. सेटिंगमध्ये जाऊन मोबाइलचं अपडेट बघा. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, गाडीचा दंड किंवा बँकेचं केवायसी म्हणून शेवटी ‘एपीके’ लिहिलेली फाइल आली, तर ती उघडू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं. खरं अपडेट यंत्राच्या आतून येतं, फोन करून येत नाही. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं स्क्रीनवर आलं, तर फोन लावू नका. आमच्या मीरा रोडला ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचं भासवून तिकडच्या लोकांना फोनवर धमकावून पैसे उकळले जात होते. अमेरिकेतली शिकलेली माणसं फसली, मग आपल्याला कसली लाज? पैसे गेलेच तर गप्प बसू नका, लगेच १९३० नंबरवर कळवा. जितकं लवकर कळवाल, तितके पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

ज्या ताईंनी ती फाइल उघडली होती, त्या पुढे महिनाभर संगणकाजवळ गेल्या नाहीत. मीच त्यांना म्हटलं, ताई, तुम्ही दार उघडलंत, पण राखणदाराला सात महिने उपाशी ठेवलं ते मी. आज गटाचं अपडेट आणि तपासणी त्याच बघतात. आणि मावशींची वही अजून चालू आहे, आता कोणी हसत नाही.

येत्या बैठकीत चहा येईपर्यंत एवढं एक काम करा, मैत्रिणींनो. लाल खूण दिसली तर ‘नंतर’ म्हणू नका.