वजनकाट्याआधी टेप घ्या

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसणे हेच माझे काम. त्यामुळे पोटावरची चरबी हा माझ्यासाठी पुस्तकी विषय नाही. मला 'वजन कसे कमी करावे' यावर बोलायला सांगितले आहे. मी त्यात एक शब्द बदलतो. वजनाऐवजी चरबी म्हणतो. या दोन गोष्टी एक नाहीत.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा : २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या नवजात बाळांचाही अभ्यास केला. ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून.

म्हणून आपल्यातला एखादा म्हणतो, "मी तर सडपातळ आहे, मला काय होणार?" त्याने आधी शर्ट वर करून पोटाकडे बघावे. शिंप्याचा टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता लावा. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर. पँटचा नंबर धरू नका, पँट आपण पोटाखाली नेसतो.

ही चरबी दिसायला वाईट म्हणून मी बोलत नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. घरातला कमावता माणूस चाळिशीत डोळे, किडनी किंवा पाय गमावू लागला की सगळे घर खाली येते.

आपल्या आजी-आजोबांनी भातलावणीला चिखलात दिवस काढले, डोक्यावरून पाणी आणले, बाजाराला पायी गेले. ताटभर भात त्यांना पचत होता. आज शहापूरचा मुलगा आसनगावहून लोकल पकडतो, मुरबाडचा एसटीने किंवा बाइकने कल्याण गाठतो आणि दोघेही दिवसभर बसतात. भात तेवढाच राहिला, चिखल गेला.

आता हिशेब. तासभर झपझप चालल्यावर ७० किलोच्या माणसाच्या सुमारे ३०० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात जवळपास तेवढ्याच असतात. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे १६० कॅलरी. पोट मात्र रिकामेच. तेलाचा एक छोटा चमचा ४५ कॅलरीचा. म्हणून चरबी मुख्यतः ताटातून कमी होते. व्यायामाचे काम वेगळे आहे, त्याकडे येतोच.

ताटात काय करायचे? परदेशी ओट्स, महागडी पावडर काही नको. भात निम्मा करा, त्या जागी भाजी आणि काकडी-मुळा घ्या. डाळ पातळ नको, घट्ट हवी. वाल, चवळी, मटकी, अंडी, चिकन, सुकट, यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. प्रथिनांनी पोट भरलेले राहते आणि स्नायू टिकतात. दावतीत बिर्याणी जरूर खा, पण एकदाच वाढून घ्या आणि सोबतचे कोल्ड्रिंक सोडा. उपाशी राहून महिन्यात दहा किलो उतरवणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्यात स्नायूही जातात आणि चरबी आधी परत येते. आठवड्याला पाव ते अर्धा किलो पुष्कळ झाले.

रमजानचेही तसेच. दिवसभराचा रोजा आणि संध्याकाळी भजी, समोसे, सरबत. महिन्यात उतरलेले थोडे वजन ईदनंतर बहुतेकांचे भरून येते. खजूर, पाणी, फळे, मग साधे जेवण, एवढे जमले तरी फरक पडतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रोजा धरण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

आता व्यायाम. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही. शरीर ती कुठून काढायची हे स्वतः ठरवते. आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालणे, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. सोबत आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. जिम नसेल तर जोर-बैठका आहेतच. पूर्ण जोर निघत नसतील तर भिंतीला हात टेकून सुरुवात करा. वजन उतरताना स्नायू वाचवणे आणि उतरलेले वजन परत येऊ न देणे, हे व्यायामाचे खरे काम. रविवारी माहुली किंवा गोरखगड चढा, पण ती मजा समजा. बाकीचे सहा दिवस तिने भरून निघत नाहीत.

मुलांनो, तुमच्याशी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. तुम्ही मैदानावर जाता. तुमची बहीण कुठे चालते? आई सगळ्यांनंतर उरलेला भात-रस्सा जेवते, तिच्या वाटणीला अंडे येते का? मधुमेह बायकांना सोडत नाही. संध्याकाळी बहिणीला, आईला सोबत घेऊन चाला. लोक चार दिवस बघतील, मग त्यांच्या घरच्याही निघतील.

आज रात्री घरातल्या प्रत्येकाची कंबर मोजा, वहीत तारीख घालून लिहा. बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा. घरात तीस वर्षांवरचे जे आहेत त्यांची साखर आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासून घ्या. वजनकाटा दोन किलोच कमी दाखवेल, पण कंबर चार सेंटिमीटरने उतरली असेल, तर तुम्ही जिंकत आहात.